'वन नेशन वन सबस्क्रिप्शन': शोधनिबंध वाचायला पात्र कोण, लॉगिन कसं मिळतं?

शोधनिबंध सापडतो, सारांश वाचून कळतं की आपल्याला नेमकं हेच हवं होतं, आणि खाली तीस-चाळीस डॉलरचा आकडा दिसतो. एका निबंधाचे एवढे, आणि पीएचडीला असे शेकडो लागतात! सरकारी कॉलेजात असाल तर खिशात हात घालण्याआधी ग्रंथालयात जा. असे निबंध छापणाऱ्या बऱ्याच जर्नल्सचे पैसे केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून आधीच भरलेले आहेत.

मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 ई-जर्नल्स. काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं यूजीसीचं केंद्र, बघतं.

पात्रता संस्थेची बघतात, तुमची नव्हे. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यात येतात. व्यक्तीला थेट अर्ज करता येत नाही, त्यामुळे 'मेंबरशिप काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

ग्रंथपालांना विचारा : आपली संस्था नोंदलेली आहे का? असेल तर कॅम्पसच्या नेटवर्कवर जर्नल थेट उघडतं. घरून वाचायला 'इन्फेड' या इन्फ्लिबनेटच्या लॉगिन व्यवस्थेचं लॉगिन लागतं, ते संस्थेकडूनच मिळतं. जाताना चालू वर्षाचं ओळखपत्र, नोंदणी क्रमांक आणि ईमेल न्या. संस्थेचा ईमेल असेल तर तोच द्या.

लॉगिन मिळाल्यावरही बरेच जण एका जागी अडकतात. प्रकाशकाच्या पानावर ईमेल-पासवर्डचे रकाने दिसतात, तिथे कॉलेजचा पासवर्ड चालत नाही. जवळपासच संस्थेमार्फत प्रवेशाची लिंक असते. ती दाबून यादीतून आपल्या संस्थेचं नाव निवडायचं.

आणि जे कुठल्याच कॉलेजात नाहीत त्यांचं काय? सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना वाचता यावं, हा योजनेचा पुढचा टप्पा म्हणून मांडलेला आहे. तो लवकर यायला हवा. पैसा जनतेचा आहे, आणि तालुक्याच्या वाचनालयात बसून स्थानिक इतिहास लिहिणारा माणूसही संशोधकच आहे. तोवर 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचा. 'जेस्टोर' या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं उघडलं की 30 दिवसांत 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. तिथेही नसेल तर थेट लेखकाला लिहा. ईमेल बहुधा निबंधाच्या पहिल्याच पानावर असतो, आणि आपला निबंध कुणी मागितला की बहुतेक अभ्यासक आनंदाने पाठवतात.