कुलूप होतं, तरी सायकल गेली?

"सोसायटीच्या पार्किंगमधून रात्रीत गेली हो, कुलूप लावलेलं होतं!" असं सांगत दर महिन्याला कुणी ना कुणी दुकानात येतं. आम्ही एकच विचारतो: कुलूप कशाला लावलं होतं? उत्तर ठरलेलं असतं, "चाकाला."

चाक आणि फ्रेम एकमेकांना बांधली की सायकल चालवत नेता येत नाही, उचलून मात्र नेता येते. गिअरची सायकल साधारण चौदा-पंधरा किलोची. एका माणसाने टेम्पोत टाकली की कुलूप घरी नेऊन निवांत कापता येतं. पुण्यात वाड्याच्या दिंडीदरवाज्याला रात्री अडसर पडायचा, तेव्हा चाकाचं कुलूप पुरत होतं. आता पार्किंगला चारही बाजूंनी वाट असते आणि वॉचमन एका गेटवर.

म्हणून सायकल जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला बांधा. जिन्याचा कठडा, पुलाचं रेलिंग चालेल. नो पार्किंगचा बुटका खांब नको, सायकल वरून काढून घेतात. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराचं जाड दांड्याचं कुलूप, फ्रेम, मागचं चाक आणि कठडा या तिन्हींतून गेलं पाहिजे. मागचंच चाक का? गिअर, कॅसेट (चेन फिरते त्या दातेरी चकत्यांचा संच) तिथे असतात, ते चाक महाग पडतं. पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर खटका उघडून हाताने निघतं, त्यातून केबल ओवून यू-लॉकमध्ये अडकवा. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की हातोड्याला आधार मिळतो. किल्लीचं भोक खाली ठेवा, पावसाचं पाणी आत जात नाही.

नुसती केबल आम्ही विकतो, पण रात्रभरासाठी ती घेऊ नका असं सांगूनच. साध्या कटरने ती काही सेकंदांत तुटते. यू-लॉक महाग वाटतं, मान्य आहे. सायकलच्या किमतीशेजारी ठेवून बघा. पार्किंगमध्ये बांधायला काहीच नसेल तर सोसायटीची परवानगी आणा, भिंतीत लोखंडी कडी आम्ही बसवून देतो.

दुसरं काम आजच करा. सायकल उलटी करा. पायडलचा ॲक्सल जिथून जातो, त्या नळीच्या खाली बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. सायकलला आरटीओची नंबर प्लेट नसते, नगरपालिकेचा बिल्लाही केव्हाच गेला. ओळख उरते ती या नंबराची. सायकलची चोरीही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, एफआयआरची प्रत मोफत मिळते, आणि सायकल सापडली तर ती तुमचीच हे नंबरावरून दाखवता येतं. आमच्या बिलावर आम्ही नंबर लिहितोच. पण बिल हरवलं, महिना आठवत नाही, म्हणून तीन वर्षांची बिलबुकं चाळण्यात अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ पोलिसांत जायलाही उशीर होतो.

किल्ली हरवली म्हणून सायकल खांद्यावर आणलीत, तर बिल किंवा नंबरचा फोटो पाहिल्याशिवाय आम्ही कुलूप कापत नाही. ओळखीच्यांनाही हाच नियम. काहींना राग येतो. पण उद्या तुमचीच सायकल कुणी दुसऱ्याने आमच्याकडे आणली तर? कागद दाखवा, पाच मिनिटांत कापून देऊ, पैसे घेणार नाही.

पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला याल तेव्हा कुलूपही आणा. तेल घालून देतो.