काउंटी जेलच्या जेलरचं बेसिक ट्रेनिंग (टेक्सास)

काउंटी जेलचा जेलर म्हणजे अमेरिकेतल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण जिल्ह्याच्या, जेलमध्ये कैद्यांवर लक्ष ठेवणारा कर्मचारी. आपल्याकडे जेलर म्हटलं की ऑफिसात बसणारा मोठा साहेब डोळ्यासमोर येतो, तसा हा नाही, हा बराकीत उभा असणारा माणूस. राज्याराज्यात नियम बदलतात म्हणून इथे टेक्साससाठीच लिहिलंय, तिथे 254 काउंट्या आहेत आणि जेल चालवायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेल्या शेरीफकडे असते.

आधी एक गोष्ट क्लिअर पाहिजे, जेल आणि प्रिझन तिकडे एक नाही. मोठी शिक्षा झालेला माणूस राज्याच्या प्रिझनमध्ये जातो, काउंटी जेलमध्ये मुख्यतः कच्चे कैदी असतात, ज्यांची केस अजून चालू आहे किंवा ज्यांच्याकडे जामिनाचे पैसे नाहीत, आणि बाकी थोडे छोट्या शिक्षेवाले. म्हणजे जेलरसमोर येणारा माणूस बहुतेक वेळा तासाभरापूर्वी रस्त्यावरून उचललेला असतो, कोणी दारूच्या नशेत, कोणी घाबरलेला, कोणाची रोजची औषधं घरीच राहिलेली. त्याच्याबद्दल कोणाला काहीच माहीत नसतं, आणि ट्रेनिंगमधली निम्मी गोष्ट यावरच उभी आहे.

भरतीला 18 वर्षं पूर्ण, हायस्कूल पास किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा, गुन्ह्यांचं रेकॉर्ड तपासणी, मेडिकल आणि मानसिक तपासणी, एवढं लागतं. लायसन्स टेक्सास कमिशन ऑन लॉ एन्फोर्समेंट देतं, त्यासाठी बेसिक काउंटी करेक्शन्स कोर्स आणि मग राज्याची परीक्षा. पण मधे एक सोय आहे, टेम्पररी लायसन्स. कोर्स न करता माणूस कामावर घेता येतो आणि कोर्स पूर्ण करायला एक वर्ष मिळतं. छोट्या काउंटीत माणसंच मिळत नाहीत हे मान्य, तरी ज्याला अजून शिकवलंच नाही त्याच्या हातात रात्रपाळीत 48 माणसं देणं मला अजिबात पटत नाही. 48 हा आकडा टेक्सास कमिशन ऑन जेल स्टँडर्ड्सचा, म्हणजे काउंटी जेलांचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या संस्थेचा आहे, 48 कैद्यांमागे निदान एक जेलर.

कोर्समध्ये शिकवतात ते ढोबळपणे असं: बुकिंग म्हणजे आत घेतानाची नोंद, बोटांचे ठसे, अंगझडती, सामान जमा करणं, कोणाला कुठे ठेवायचं त्याचं वर्गीकरण, मोजणी, चाव्यांचा हिशोब, कोठडीची झडती, रिपोर्ट लिहिणं. बंदूक आत नेत नाहीत, ती बाहेर लॉकरमध्ये ठेवून यायचं, त्यामुळे आत जेलरचं खरं हत्यार म्हणजे त्याचं बोलणं. आवाज कसा खाली आणायचा, चिडलेल्या माणसाला चारचौघांत कमीपणा न आणता बाजूला कसं घ्यायचं, दिलेला शब्द कसा पाळायचा. कैदी सुरुवातीला छोटी छोटी कामं सांगतात, एक चिठ्ठी पोचव, एक फोन कर, आणि एकदा केलं की मग त्याच धाग्याने ओढतात, हेही सरळ सांगितलं जातं. लैंगिक अत्याचाराबद्दल 2003 चा प्रिझन रेप एलिमिनेशन ॲक्ट आहे, त्याखालचे नियम 2012 मध्ये आले आणि ते जेललाही लागू होतात.

बळाचा वापर हा वेगळा मोठा भाग. 2015 च्या किंग्जली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कच्च्या कैद्यावर वापरलेलं बळ वाजवी होतं का ते बाहेरून बघून ठरेल, जेलरच्या मनात काय होतं त्यावरून नाही. म्हणून पकडी आणि बेड्यांच्या सरावाबरोबर हेही शिकवतात की माणूस पालथा दाबून ठेवू नका, बेड्या पडल्या की लगेच कुशीवर वळवा, छातीवर वजन आलं तर श्वास बंद होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, राउंड. टेक्सासचा नियम आहे की दर तासाला निदान एकदा प्रत्येक कैद्याला समोरासमोर बघायचं, आणि जिथे हिंसक, मानसिक आजार असलेले किंवा आत्महत्येची भीती असलेले लोक आहेत तिथे दर 30 मिनिटांनी. बघायचं म्हणजे काचेतून चादरीचा ढीग बघून पुढे जायचं नाही, छाती वरखाली होतेय का, अंगाला रंग आहे का, माणूस जागा असेल तर उत्तर देतो का. अमेरिकेतल्या स्थानिक जेलांत मृत्यूच्या कारणांमध्ये अनेक वर्षं आत्महत्या हे सगळ्यात मोठं एकेक कारण राहिलंय, आणि आत आल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक. दारू अचानक तुटली की त्यानेही माणूस जाऊ शकतो, तो हातपाय थरथरणारा, घामाघूम माणूस नाटक करत नसतो.

यात चालढकल केली तर किती महाग पडतं ते जुलै 2015 मध्ये टेक्सासच्या वॉलर काउंटीत दिसलं. सँड्रा ब्लँड, वय 28, लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून गाडी थांबवली, वाद झाला, अटक झाली आणि तीन दिवसांनी ती कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. आत घेताना भरलेल्या फॉर्मवर तिने आधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद होती. म्हणजे माहिती कागदावर होती, ती वाचून पुढचं पाऊल उचलणारं कोणी नव्हतं. जेल स्टँडर्ड्स कमिशनने त्या जेलवर दोन ठपके ठेवले, समोरासमोरचे राउंड नियमाप्रमाणे नाहीत आणि ट्रेनिंग झाल्याचा पुरावा नाही. पुढच्या वर्षी कुटुंबाशी 19 लाख डॉलरची तडजोड झाली.

2017 मध्ये टेक्सासने सँड्रा ब्लँड ॲक्ट केला. त्यात जेलरसाठी मानसिक आरोग्याचं निदान 8 तासांचं ट्रेनिंग आलं, कैद्याला मानसिक आजार असावा असं वाटलं तर 12 तासांत मॅजिस्ट्रेटला कळवायचं आलं, जेलमधल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या यंत्रणेने करायचा आलं, आणि राउंड वेळेवर झाला की नाही ते नोंदवायला सेन्सर किंवा कॅमेरे आले. सेन्सर म्हणजे कोठडीजवळ बसवलेलं बटण किंवा टॅग, जेलर तिथे गेला की वेळ आपोआप चढते, त्यामुळे टेबलावर बसून रात्रभराचं लॉग एकदम भरता येत नाही. पण जेलर तिथे पोचला एवढंच सेन्सर सांगतो, त्याने आत बघितलं का ते सांगत नाही, म्हणून चांगले ट्रेनर नव्या मुलाला पहिले काही आठवडे जुन्या जेलरबरोबर फिरवतात आणि प्रत्येक दारापुढे विचारतात, आतला माणूस काय करत होता ते सांग.