ज्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कसा?

१५८४ साली इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली नावाच्या भागात, एका पिठाच्या चक्कीवाल्याला चर्चच्या धर्मन्यायालयासमोर उभं केलं. नाव दोमेनिको स्कांदेल्ला, पण गावात सगळे त्याला मेनोक्कियोच म्हणायचे. जग कसं निर्माण झालं याची त्याची स्वतःची एक थिअरी होती, आणि कोर्टात गप्प बसायचं सोडून गड्याने ती सविस्तर सांगितली. आधी सगळा गोंधळ होता, मग दुधाचं चीज व्हावं तसा त्याचा एक घट्ट गोळा झाला, आणि चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यात किडे पडले, तेच देवदूत! समोर बसलेले पाद्री चक्रावले असणार. पण कोर्टाचा लेखनिक मात्र प्रामाणिक होता, त्याने शब्द न् शब्द उतरवून घेतला.

पुढे जवळपास चारशे वर्षांनी कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने ते कागद वाचले आणि १९७६ साली ‘द चीज अँड द वर्म्स’ हे पुस्तक आलं (मूळ अर्थातच इटालियनमध्ये). एका चक्कीवाल्यावर अख्खं पुस्तक! ना तो राजा, ना सेनापती, ना संत.

आता यातली गंमत बघा, आपल्याला मेनोक्कियो माहीत आहे तो केवळ त्याला छळणाऱ्यांनी कागद नीट सांभाळून ठेवले म्हणून. सामान्य माणसाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाची अडचण हीच आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही आणि ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांना यांच्याबद्दल प्रेम नव्हतं, त्यांना कर हवा होता नाहीतर शिक्षा द्यायची होती नाहीतर दफनाची नोंद करायची होती. सोशल हिस्ट्री, कल्चरल हिस्ट्री, मायक्रोहिस्ट्री (म्हणजे एकाच माणसाला किंवा गावाला अगदी जवळून निरखणं) अशी मोठमोठी नावं ऐकून दडपून जायचं कारण नाही, भलत्याच कामासाठी लिहिलेल्या कागदाला आपले प्रश्न कसे विचारायचे, याची ही वेगवेगळी उत्तरं आहेत.

एकोणिसाव्या शतकात इतिहास म्हणजे मुख्यतः राज्यांचा आणि राजकारणाचा. लिओपोल्ड फॉन रांके वगैरे जर्मन मंडळींनी दफ्तरखान्यात बसून अस्सल कागद तपासायची शिस्त लावली, ते मोठंच काम झालं. पण दफ्तरखाने सरकारचे, त्यामुळे इतिहासही सरकारचाच. याला पहिला मोठा धक्का फ्रान्समधून बसला. १९२९ साली स्ट्रासबुर्गला मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र या दोघांनी ‘आनाल’ नावाचं नियतकालिक सुरू केलं आणि भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र सगळं इतिहासात ओढून आणलं.

ब्लॉकची खरी चमक मला मात्र त्याआधीच्या, १९२४ च्या पुस्तकात दिसते. फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे नुसत्या हाताच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या करतात असा लोकांचा शेकडो वर्षं समज होता. फ्रान्समध्ये तर हा विधी अगदी १८२५ पर्यंत, दहाव्या चार्ल्सने केला. ‘अडाणी लोक’ असं म्हणून विषय संपवता आला असता. ब्लॉकने उलटं विचारलं, राजाने हात लावून काही होत नव्हतं तर लोक इतकी शतकं विश्वास का ठेवत होते? हा आजार कधी कधी आपोआप ओसरतो, कधी परत उलटतो, आणि चमत्कार होणारच अशी खात्री घेऊन आलेल्या माणसाला तेवढं पुरतं. म्हणजे चुकीच्या समजुतीचाही इतिहास लिहिता येतो आणि त्यातून राजसत्ता कशावर उभी होती हेही कळतं. हाच ब्लॉक पुढे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरला आणि जून १९४४ मध्ये गेस्टापोने त्याला गोळ्या घातल्या.

त्याच्या पुढच्या पिढीतला फेर्नां ब्रोदेल हा वेगळाच माणूस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत बसून त्याने भूमध्य समुद्रावरच्या ग्रंथाचा मसुदा बराचसा आठवणीतून लिहिला आणि वह्या भरतील तशा फेव्रकडे पाठवत राहिला, पुस्तक आलं १९४९ साली. त्याचं म्हणणं असं की काळ एकाच वेगाने चालत नाही. डोंगर, समुद्र, हवामान यांचा काळ इतका संथ की हलतोय हेही कळत नाही, व्यापार आणि समाज त्याहून थोडे वेगात, आणि लढाया-तह म्हणजे लाटांवरचा फेस. वाचताना भारावून जायला होतं हे खरंच, पण एवढ्या उंचीवरून बघितल्यावर माणसं मुंग्यांएवढीही दिसत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि मला ती पटते.

मग माणसं दिसायची कशी? एक रस्ता म्हणजे मोजायचं. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम होता. फ्रान्सच्या लुई आंरी याने अशा नोंदींवरून एकेक कुटुंब परत जुळवायची पद्धत बसवली, म्हणजे हा अमुक वर्षी जन्मला, याचं लग्न हिच्याशी झालं, यांना इतकी मुलं झाली, त्यातली इतकी गेली, असं चिठ्ठीला चिठ्ठी जोडत. १९६४ साली केंब्रिजमध्ये पीटर लॅसलेट आणि टोनी रिग्ली यांनी लोकसंख्येच्या इतिहासासाठी एक गट उभा केला आणि त्यातून भल्याभल्यांचे समज कोसळले. कारखाने यायच्या आधी सगळीकडे भली मोठी एकत्र कुटुंबं होती ना? इंग्लंडमध्ये नव्हती. घरटी सरासरी माणसं पावणेपाचच्या आसपास, तीही नोकरचाकर धरून. आणि लग्नं? शेक्सपिअरच्या नाटकातली ज्युलिएट चौदाचीसुद्धा नव्हती म्हणून आपण धरून चालतो की तेव्हा सगळ्यांची लग्नं कोवळ्या वयात होत असणार. लॅसलेट हेच उदाहरण घेतो आणि नोंदी उघडून दाखवतो की साध्या घरच्या इंग्रज बायकांचं पहिलं लग्न पंचविशीच्या आसपास व्हायचं. नाटकावरून समाज ओळखायला गेलं की असं फसायला होतं!

मोजणाऱ्यांमधला माझा लाडका मात्र मिशेल व्होव्हेल. त्याने दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातली अठराव्या शतकातली हजारो मृत्युपत्रं घेतली. बाकीचे मृत्युपत्रात इस्टेट बघतात, याने बघितलं की मरणारा माणूस आत्म्यासाठी किती प्रार्थना सांगून ठेवतो, कुठल्या संताचं नाव घेतो, अंत्यविधीला मेणबत्त्या किती वजनाच्या मागतो. आणि शतकाच्या मध्यानंतर हे सगळं हळूहळू कमी होत गेलेलं दिसलं. फ्रेंच क्रांतीने लोकांची श्रद्धा मोडली असं म्हणायचे, पण मेणबत्त्या त्याच्या कितीतरी आधीपासून हलक्या व्हायला लागल्या होत्या. अर्थात एक मेख राहतेच, मेण कमी झालं म्हणजे श्रद्धाच कमी झाली की फक्त ती दाखवायची पद्धत बदलली, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

आकड्यांची इथेच पंचाईत होते. किती ते कळतं, पण माणसाच्या मनात काय होतं ते कळत नाही. ब्रिटनमध्ये ई. पी. थॉम्पसनने नेमकं तेच पकडलं. १९६३ च्या त्याच्या इंग्लिश कामगारवर्गावरच्या जाडजूड ग्रंथात हातमागवाले, मोजे विणणारे, यंत्रं फोडणारे लडाइट असे सगळे हरलेले लोक आहेत, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना ज्या तुच्छतेने बघितलं त्यातून त्यांना सोडवायचंय असं तो सरळ म्हणतो. १९७१ चा त्याचा एक लेख तर जरूर माहीत असावा असा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धान्य महागलं की दंगे व्हायचे, आणि भुकेले लोक लुटालूट करणारच, त्यात काय विचार असणार, असंच धरलं जायचं. थॉम्पसनने त्याच तक्रारी, तीच पत्रं परत वाचली तर दिसलं की कितीतरी ठिकाणी जमावाने धान्य पळवलं नाही, ताब्यात घेतलं, स्वतः ठरवलेल्या रास्त भावाने विकलं, आणि पैसे नेऊन मालकाला दिले, कधी कधी रिकामी पोतीसुद्धा परत केली! पोती परत करणाऱ्या जमावाला नुसता भुकेला म्हणून कसं चालेल? न्याय-अन्यायाचा त्यांचा हिशोब पक्का होता. गंमत म्हणजे दफ्तरात कागद तेच होते, वाचणारा बदलला.

असं उलटं वाचायची कला टोकाला नेली ती भारतीय इतिहासकार रणजित गुहांनी. १९८२ पासून त्यांच्या संपादनाखाली ‘सबाल्टर्न स्टडीज’चे, म्हणजे समाजातल्या दबलेल्या लोकांच्या इतिहासाचे खंड निघाले. शेतकऱ्यांच्या बंडांबद्दलचे इंग्रजी रिपोर्ट घेऊन त्यांनी दाखवलं की साहेब जिथे ‘धर्मवेडे’ लिहितो तिथे विश्वासाने लढणारी माणसं असतात, म्हणजे शिवीच्या जागी तिचा अर्थ उलटा करून ठेवायचा. पण गुहांचा १९८७ चा ‘चंद्राज डेथ’ हा निबंध त्याहून हळवा आणि माझ्या मते त्याहून मोठा आहे. हातात काय, तर १८४९ च्या बंगालमधल्या एका गर्भपाताच्या प्रकरणातल्या तुटक जबान्या. चंद्रा नावाची बागदी जातीची तरुण बाई औषधाने गेली, आणि औषध आणून देणारी तिची बहीण बृंदा कायद्याच्या भाषेत आरोपी झाली. गुहा ते कागद परत घरात नेऊन ठेवतात. ज्या पुरुषामुळे चंद्राला दिवस गेले त्याने तिच्या आईला बजावलं होतं की एकतर गर्भ पाडा, नाहीतर मी तिला भेख देतो, म्हणजे वैष्णव वैरागिणींच्यात ढकलतो. ते डोक्यात ठेवून वाचलं की गुन्हा म्हणून लिहिलेली गोष्ट पोरीला वाचवायला धावलेल्या बायकांची धडपड दिसायला लागते.

बायका या सगळ्या इतिहासात उशिराच आल्या, हेही सांगायला पाहिजे. थॉम्पसनचा कामगार बहुतेक वेळा पुरुषच असतो, हे जोन स्कॉट या अमेरिकन इतिहासकार बाईने नंतर बरोबर दाखवून दिलं.

आता एवढं सगळं कागदाच्या पोटातून काढायचं म्हणजे इतिहासकार कादंबरी लिहायला लागला का? हा प्रश्न नॅटली झेमन डेव्हिस या इतिहासकार बाईच्या बाबतीत जोरात आला. दक्षिण फ्रान्समधल्या आर्तिगा गावातून मार्तां गेर नावाचा शेतकरी १५४८ च्या सुमारास घर सोडून गेला, आठेक वर्षांनी परत आला, बायको बेर्त्रांदने घरात घेतला, संसार सुरू झाला, पुढे हा खरा मार्तां नव्हेच म्हणून केस झाली, आणि १५६० मध्ये कोर्टात ती ऐन रंगात असताना खरा मार्तां लाकडी पाय टेकत हजर! तोतया फासावर गेला. डेव्हिसने १९८३ च्या पुस्तकात मांडलं की हा तोतया आहे हे बेर्त्रांदला पहिल्यापासून माहीत असणार, तिने समजून-उमजून साथ दिली. रॉबर्ट फिनले या इतिहासकाराने १९८८ मध्ये सरळ विचारलं, पुरावा कुठाय? न्यायाधीश तर तिला फसलेली बाई मानत होते. डेव्हिसचं उत्तर होतं की गावातल्या बाईपुढे काय काय वाटा होत्या ते बघा, मग ठरवा. मला डेव्हिसचं चित्र पटतं, पण फिनलेचा प्रश्न सुटलाय असं काही वाटत नाही.

आता तर कॉम्प्युटर आला. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ मधले जवळपास १ लाख ९७ हजार खटले ऑनलाइन शोधता येतात, म्हणजे मोजणारे आणि एकेकाला निरखणारे दोघंही एकाच खिडकीत. पण तिथेही जुनी गोम आहेच, हे वृत्तांत बराच काळ विकण्यासाठी छापले जायचे, त्यामुळे चटकदार खटला लांबलचक आणि साधा असेल तर दोन ओळीत उरकलेला. सर्च बॉक्स काही हे सांगत नाही.

मेनोक्कियोचं पुढे काय झालं ते राहिलंच. पहिल्यांदा दोनेक वर्षं कैदेत काढून तो सुटला, पण तोंड काही बंद झालं नाही, आणि १५९९ मध्ये परत पकडून त्याला मारलं. गिन्झबर्ग पुस्तकाच्या अगदी शेवटी आणखी एका माणसाचा उल्लेख करतो. मेनोक्कियोनंतर थोड्याच काळात कुणीतरी अधिकाऱ्यांना सांगितलं की एका खाणावळवालीकडून ऐकलंय, त्याच भागात मार्कातो की मार्को नावाचा एक जण आहे, तो म्हणतो शरीर मेलं की आत्माही मरतो. त्याच्यावरचा खटला कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि त्याचं नाव मार्कातो की मार्को, एवढंही धड ठरलेलं नाही.