आधी फूल, मग एकच पान: नर्व्हिलियाची ओळख

पानगळीच्या जंगलात पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पालापाचोळ्यातून पेन्सिलीपेक्षा बारीक दांडे सरळ वर येतात. पान एकही नसते, नुसत्या दांड्यावर हिरवट-पिवळी, थोडी झुकलेली फुले असतात. ही नर्व्हिलिया कॉनकलर, जमिनीत वाढणारी ऑर्किड. जुन्या पुस्तकांत ती नर्व्हिलिया अरागोआना या नावाने सापडते. भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते.

काही आठवड्यांनी त्याच जागी पाहिले तर फुले गेलेली असतात आणि हृदयाच्या आकाराचे, चुण्या पडलेले एकच पान उभे असते. फूल आणि पान सहसा एका वेळी दिसत नाहीत, म्हणून ओळख हमखास चुकते. फुलाची नोंद एका नावाने होते, पानाची दुसऱ्याच. फुले हाती असतील तर ती मोजा: कॉनकलरच्या दांड्यावर बरीच फुले असतात, नर्व्हिलियाच्याच प्लिकाटा या दुसऱ्या जातीच्या दांड्यावर साधारणपणे दोन, तर सिम्प्लेक्स या तिसऱ्या जातीच्या दांड्यावर एकच. नुसते पान असेल तर बोट फिरवून पाहा. कॉनकलरचे पान गुळगुळीत असते आणि देठावर उभे राहते. प्लिकाटाचे लवदार असते आणि जमिनीला जवळजवळ चिकटून पसरते. पक्की खात्री हवी असेल तर जागेवर खूण करून दोन्ही वेळा फोटो काढण्याला पर्याय नाही.

जमिनीखाली गोटीएवढा पांढरट कंद असतो. गेल्या पावसाळ्यात पानाने जे अन्न साठवले, त्यावरच यंदाचे फूल निघते. फळ धरले की दांडा आणखी लांबतो आणि बोंड उंच जाते. वाऱ्याने बी पांगायला ते सोयीचे. मग पान येते आणि पावसाळा संपेपर्यंत कंदाची भर करते. कंदापासून निघालेल्या बारीक धाग्यांच्या टोकांना नवे कंद धरतात, त्यामुळे एका ठिकाणी दिसणारी पन्नास पाने मूळच्या एकाच रोपाची असू शकतात. संख्या पाहून 'इथे भरपूर आहे' म्हणणे म्हणूनच घाईचे.

बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा जवळपास नसतोच. मातीतल्या ठरावीक बुरशीने आत शिरून अन्न पुरवले तरच ते रुजते. ऑर्किडच्या बियांचे हे गुपित फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांना 1899 मध्ये उमगले. पुढे 1922 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखवले. कुंडीत नुसते बी पेरून काही उगवत नाही, ते यामुळे.

रोपवाटिकेत वाढवलेला कंद मिळाला तर कुजलेला पाला आणि जाडसर वाळू समप्रमाणात घेऊन त्यात तीनेक सेंटिमीटर खोल लावावा. जंगलातून उपटून आणू नये. पान हिरवे आहे तोवर माती ओलसर आणि कुंडी सावलीत ठेवावी. सगळ्यात मोठा शत्रू गोगलगाय. पान एकच असल्याने ते खाल्ले गेले की त्या वर्षीची कमाई बुडते, कंद बारीक होतो आणि पुढच्या मोसमात फूल बहुधा येतच नाही. पान पिवळे पडू लागले की पाणी कमी करत पूर्ण थांबवावे. रिकामी दिसणारी कुंडी पाहून दया येते, लोक पाणी घालत राहतात आणि कंद कुजतो. तसेच कंद जिवंत आहे का, हे पाहायला माती उकरू नये. नवे धागे फार नाजूक असतात.