‘पुट टुगेदर’ : पुढचा उपसर्ग मागे कसा गेला

कपाटाचे सुटे भाग जोडायचे असोत, अहवाल तयार करायचा असो की चार माणसं जमवून टीम उभी करायची असो, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘पुट टुगेदर’ चालतं. ‘बाकी सगळे मिळून’ म्हणायचं असेल तरी हेच शब्द येतात. आपल्याकडे अशी क्रियापदं यादी करून पाठ करून घेतात, आणि परीक्षा झाली की ती विसरली जातात. ही रचना कुठून आली हे कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण तिची सुरुवात आपल्याला अगदी ओळखीची आहे.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी संस्कृतसारखीच उपसर्ग वापरायची. आपण ‘सम्’ लावून संयोग, संगम, संकलन करतो, तसा त्या इंग्रजीत ‘ये’ हा उपसर्ग होता. एकत्र येण्याचा अर्थ त्यातून बऱ्याचदा निघे. बायबलमधलं मत्तयाच्या शुभवर्तमानातलं विवाहाविषयीचं वचन पाहा : देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये. दहाव्या शतकाच्या अखेरच्या भाषांतरात ‘जोडलं’साठी ‘येसोम्नोदे’ असा एकच शब्द आहे, उपसर्ग पुढे चिकटलेला. १५२६ साली विल्यम टिंडेलने तिथे ‘कपल्ड टुगेदर’ लिहिलं आणि १६११च्या राजमान्य भाषांतरात ‘जॉइन्ड टुगेदर’ आलं. एका शब्दाचे दोन झाले आणि एकत्रपणाचा अर्थ क्रियापदाच्या मागे जाऊन बसला.

मधल्या काळात बरंच घडलं होतं. ‘ये’चा उच्चार झिजत गेला आणि शेवटी तो उपसर्गच नाहीसा झाला. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या ईशान्येकडे वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत उपसर्ग जवळपास उरले नव्हते. क्रियापदापासून सुटे राहणारे शब्द तिथे सर्रास चालत. त्याचाही हातभार लागला असं अनेक अभ्यासक मानतात. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंचमधून ‘जॉइन’ आला. त्याचं मूळ आणि आपल्या ‘योग’मधला ‘युज्’ धातू एकाच कुळातले. ‘टुगेदर’ मात्र अस्सल जुना इंग्रजी. ‘गॅदर’ त्याचाच भाऊबंद, म्हणजे कॉलेजात ज्याला आपण ‘गॅदरिंग’ म्हणतो तोच. स्नेहसंमेलनातही ‘सम्’ आहेच!

पुढे हे जोडशब्द बोलण्यात इतके मुरले की बडबडगीतांतही शिरले. ‘हम्प्टी डम्प्टी’ १७९७ साली छापलं गेलं तेव्हा त्याच्या शेवटी ‘पुट टुगेदर’ नव्हतं. ‘तो होता तसा करता आला नाही’ अशा अर्थाची ओळ होती. आज पोरं म्हणतात ती ‘पुट हम्प्टी टुगेदर अगेन’ ही ओळ नंतरची.

कोशकारांना या शब्दांनी पुरतं दमवलं. १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने लिहून ठेवलंय की क्रियापदामागे लहानसा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना सगळ्यात अवघड जाते. म्हणजे आपल्या मुलांची अडचण त्याला तेव्हाच कळली होती. अशा क्रियापदांना मिळालेलं ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लेखक लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ साली ते छापील स्वरूपात वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नमूद केलं.

क्रियापदापासून सुटल्याचा परिणाम आजच्या वाक्यातही दिसतो. ‘पुट टुगेदर अ टीम’ आणि ‘पुट अ टीम टुगेदर’ दोन्ही बरोबर, कारण ‘टुगेदर’ला सरकायला जागा आहे. पण टीमऐवजी ‘इट’ आलं तर ते मधेच बसतं : ‘पुट इट टुगेदर’. ‘पुट टुगेदर इट’ असं कोणी इंग्रज म्हणणार नाही.