"मी नही ना भो!" आणि तरी आउट

उन्हाळ्यात जळगावला रात्री घरात बसवत नाही, म्हणून जेवणं झाली की आम्ही सगळे गच्चीवर. परवा सात जण गच्चीवर, तीन जण पुण्याहून कॉलवर, दहा झाले म्हटल्यावर 'अमंग अस' हा मोबाईल गेम लावला, दोन इंपोस्टर ठेवून. इंपोस्टर म्हणजे गुपचूप बाकीच्यांना मारणारे; बाकीचे वायरिंगसारखी कामं करतात आणि मीटिंगला मतं देऊन ज्याच्यावर संशय त्याला बाहेर काढतात. पहिल्याच मीटिंगला कल्ला. "तू कथा व्हता?" (म्हणजे कुठे होतास?) "मी नही ना भो, वायरिंग करत होतो!" हे म्हणताना धाकटा चुलतभाऊ जरा अडखळला आणि झालं, धडाधड मतं पडली, पोरगं बाहेर. स्क्रीनवर आलं की तो इंपोस्टर नव्हताच. खरा इंपोस्टर म्हणजे आमचा दादा, तो निवांत शेंगा सोलत "मला पण तोच वाटला होता" म्हणत होता.

अडखळला म्हणजे खोटं बोलतोय, हे आपल्याला इतकं पक्कं वाटतं ना, पण बाँड आणि डीपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र केले, त्यात मिळून २४ हजारांहून जास्त लोकांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं ते ओळखायचा प्रयत्न केला होता, आणि बरोबर आलं सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात राव! त्यातही खोट्यातलं खोटं पकडलं गेलं फक्त ४७ टक्के, आणि खऱ्याला खरं म्हटलं ६१ टक्के.

आता हेच आकडे आमच्या गच्चीवर लावून बघा. दोन इंपोस्टर, त्यातला सरासरी एकसुद्धा धड संशयात येत नाही (२ गुणिले ०.४७ म्हणजे ०.९४). निर्दोष आठ, त्यातले ३९ टक्के उगाच खोटारडे वाटणार, म्हणजे तीनच्या वर. मग जो 'वाटतोय' तो खरंच इंपोस्टर असायची शक्यता किती, तर साधारण २३ टक्के. डोळे मिटून कोणाच्याही नावावर बोट ठेवलं असतं तरी २० होती! एवढा आरडाओरडा करून कमाई तीन टक्क्यांची. चुका आपल्या नजरेच्या आहेतच, पण निर्दोष लोक मुळात जास्त असतात म्हणून त्यांच्यावरचे खोटे आळही जास्त निघतात, हे गणित कोणी धरतच नाही.

आणि पकडले जायची भीती आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही ही भीती, दोन्हीत घाम तसाच येतो, आवाज तसाच कापतो. सगळे एकदम तुटून पडल्यावर कोण नाही अडखळणार?

या सगळ्या खेळांचा आजा म्हणजे 'माफिया', मॉस्कोत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफनं १९८० च्या दशकात काढलेला. थोड्यांना सगळं माहीत, बाकी बहुसंख्य अंधारात, एवढीच मेख. दादाला कोण निर्दोष ते पहिल्यापासून माहीत, त्याला काही शोधायचं नाहीच, आपण भांडत बसलो की त्याचं काम आपणच करतो.

टिमथी लेविन नावाचे संशोधक म्हणतात की खऱ्या आयुष्यात खोटं पकडलं जातं ते बहुतेक वेळा चेहऱ्यावरून नाहीच, तर दुसऱ्याकडून कळलेल्या माहितीवरून, पुराव्यावरून, नाहीतर कबुलीवरून, आणि तेही बऱ्याचदा नंतर. गेममध्ये पण तसंच आहे, मेडबेमध्ये, म्हणजे गेममधल्या दवाखान्यात, स्कॅन करताना तुम्ही कोणाला दिसलात तर तुम्ही निर्दोष, विषय संपला, कारण इंपोस्टरला ते स्कॅन करताच येत नाही (सेटिंगमध्ये ते दिसणं बंद केलं नसेल तर).

दुसऱ्या डावात काकू खेळायला बसली, तिला धड बटणं पण सापडत नव्हती. मीटिंग लागली, सगळे ओरडायला लागले, तिनं एकेकाला एवढंच विचारलं की तुझ्यासोबत कोण होतं. दादाचं उत्तर "पुण्याची ताई." कॉलवरून ताई म्हणाली, "मी? मी तर कधीची मेलीये!"