हवा घेते की कॉम्प्रेशन गेलं? सकाळी स्टार्ट न होणारा, चढावर न ओढणारा जुना ट्रक

टाटाची जुनी 407 असो की 1612, सकाळी सेल्फ मारत बसायचं आणि नंतर रोडला लागली की गाडी ओढत नाही, ही दोन लक्षणं जोडीनं आली की नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात नाहीतर कापसीला मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकतो, "भाऊ, कॉम्प्रेशन गेलं हिचं, हाफ इंजिन करा लागते." म्हणजे इंजिन आतून झिजलं, हवा नीट दाबत नाही, ते खोलावं लागेल. कधी कधी ते खरंही राहते. पण डिझेल लाइनीत कुठंतरी हवा घुसत असली तरी गाडी अगदी असंच करते, आणि पहिल्यात लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, त्यावरच्या रिंगा, हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) काम आणि तितके दिवस गाडी उभी, तर दुसऱ्यात कधी कधी नुसता एक तांब्याचा वायसर नाहीतर हातभर रबरी पाइप. त्यामुळे हेड खोलू द्यायच्या आधी दोन्हीतला फरक स्वतः बघून घ्या, त्याला फारसं काही लागत नाही.

दोन्ही सारखे का दिसतात ते आधी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, पिस्टन हवेला 16-17 पट दाबतो, त्या दाबानं हवा 500 डिग्रीच्या वर तापते आणि त्यात नोझलनं डिझेल फवारलं की ते आपोआप पेटते. रिंगा-लाइनर झिजले की दाबलेली हवा खाली निसटते, तेवढी तापतच नाही, डिझेल येऊनही जळत नाही. उलट लाइनीत हवा असली की इंजिन आतून ठणठणीत, पण नोझलला डिझेल देणारा मोठा पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो, हवा दबून जाते, नोझल उघडण्याइतकं प्रेशर बनतच नाही. केबिनमध्ये बसलेल्याला दोन्हीत एकच ऐकू येते, घर्रर्र घर्रर्र आणि मग काहीच नाही.

म्हणून केबिनमध्ये बसू नका, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. सेल्फ फिरताना पांढरट, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, म्हणजे संशय कॉम्प्रेशनवर (डिझेल फवारायचं टायमिंग हललं असेल किंवा नोझल गळकं असेल तरी असा धूर येतो, हे लक्षात असू द्या). आणि इतकं फिरवूनही सायलेन्सर कोरडा, धुराचा पत्ता नाही, तर डिझेल आतच गेलेलं नाही, उगाच रिंगांना दोष देऊ नका. हवा घेणारी गाडी शेवटी पकडते तेव्हा दोन-चार पांढरे भपके टाकते, ते मोजायचे नाहीत, पकडायच्या आधीचा धूर बघायचा.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरच्या हवेनंच फुकटात तपासून मिळते. झिजलेलं इंजिन थंडीला घाबरतं, डिसेंबर-जानेवारीत पारा 8-10 डिग्रीवर आला की काटोलहून संत्रा भरून पहाटे कळमन्याच्या बाजारात निघणारी गाडी रडवते, पण तीच गाडी मे महिन्यात 45 डिग्रीच्या उन्हात बरी चालू होते, आणि थंडीतही एकदा गरम झाली की चहाला थांबून परत सेल्फ मारला तर लगेच पकडते. हवा घेणाऱ्या गाडीला मे काय नि डिसेंबर काय, तिला उभं राहण्याशी मतलब. रात्रभर उभी राहिली की लाइनीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते आणि त्या जागी हवा येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही सकाळी तेच नाटक, आणि रविवार लागून दोन दिवस उभी राहिली तर सोमवारी अजून जास्त. म्हणजे त्रास थर्मामीटर बघून वाढतो की घड्याळ बघून, एवढं आठवलं तरी अर्धा निकाल लागला.

मग हातपंप. सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरचा) हातपंप मारा, फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा ढिला करून, फेसाळ डिझेल यायचं थांबून सलग धार येईपर्यंत, मग स्क्रू आवळा आणि सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात पकडली तर तुमचं इंजिन नाही, तुमची लाइन खराब आहे. झिजलेल्या इंजिनाला कितीही हातपंप मारा, फरक शून्य.

आता इथं बरेच जण फसतात, कारण ते म्हणतात, "कुठंच डिझेल गळत नाही, मग हवा कुठून घेईल?" अहो, टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी आहे, गाडी चालू असताना तिच्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब राहते, तिथं बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती दिसते ती फीड पंपाच्या पुढं, जिथं दाब आहे. त्यामुळे न गळणाऱ्या बाजूलाच शोधायचं: चेसिसला घासून पातळ झालेला पाइप, कडक होऊन तडकलेला रबरी होज, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) परत परत वापरलेले वायसर, आणि टाकीतल्या सक्शन पाइपाचा जोड. फीड पंपाच्या तोंडाशी थोडा वेळ पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

सगळ्यात पक्की टेस्ट मात्र डब्याची. स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब नीट बांधायचा, टाकीकडून येणारा पाइप काढून फीड पंपाला थेट त्या कॅनमधून पाइप द्यायचा, एकदा हवा काढायची आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी शहाण्यासारखी स्टार्ट झाली तर टाकी ते फीड पंप यातच घोळ आहे. तरीही तेच रडगाणं, तर निदान तेवढी लाइन सुटली. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न पाइपाचं तोंडही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन रिकामा होत राहते.

रोडवरचा फरक जरा बारीक आहे. कुरई घाटात लोड घेऊन चढताना डिझेल कमी पडणारी गाडी आधी बरी ओढते, मग अचानक दम तोडते, हुचके देते, अॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की पुन्हा थोडी चालते, आणि काळा धूरही टाकत नाही कारण जाळायला डिझेलच नाही (फिल्टर चोंदला किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी असंच, झाकण ढिलं करून बघा, काय जाते). कॉम्प्रेशन गेलेली गाडी अशी लहरी नसते, ती सगळ्या गिअरमध्ये, सपाटीलाही, सारखीच सुस्त राहते, ऑइल पिते, आणि ब्रीदर पाइपातून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) भकाभका वाफारा मारते. आणि भरपूर काळा धूर सोडत न ओढणारी असेल तर एअर फिल्टर बघा आधी, आपल्याकडच्या कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत तो कधी बुजेल सांगता येत नाही. पेडल पूर्ण दाबल्यावर नोझलला डिझेल देणाऱ्या पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का हेही कुणालातरी दाबायला लावून बघा, घासलेल्या लिंकेजपायी लोकांनी पंप खोलले आहेत.

पेट्रोलचा बोळा इनटेकला धरून स्टार्ट करायची जी पद्धत आहे ना, ती निदान म्हणून कुचकामी, कारण ती दोन्ही गाड्यांना चालू करते. वर आग लागायची भीती आणि पिस्टन-रिंगांना धक्का बसतो तो वेगळा.

हे सगळं करून संशय कॉम्प्रेशनवरच राहिला तरी दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय हेड खोलू देऊ नका. त्याआधी बॅटऱ्या फुल चार्ज आणि अर्थिंग घट्ट, कारण सेल्फ हळू फिरला की चांगल्या इंजिनातही हवा तापत नाही आणि आकडा खोटा येते. टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) सेट करा, घट्ट टॅपेटनं व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि तेही कॉम्प्रेशन गेल्यासारखंच दिसते. सिलिंडरमध्ये ऑइल टाकून आकडा वाढतो का बघायची पेट्रोलवाल्यांची युक्ती इथं नको, डिझेलच्या चेंबरमध्ये जागाच एवढीशी की ऑइलनं आकडा तसाही वाढतो आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलशी ताडा. एकच पडला असेल तर व्हॉल्व्ह नाहीतर त्या एकाच्या रिंगा, शेजारचे दोन पडले असतील तर हेड गॅस्केट, आणि सगळेच सारखे खाली आले असतील तर मिस्त्री खरं बोलून राहिला होता, मग आता लाइनर-पिस्टनचा भाव करायला बसा.